ब्लेनहाइमचा तलाव निसर्गाने नाही, ब्राउनने केला

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील इंग्लंडप्रवासाच्या लेखात ब्लेनहाइम पॅलेससमोरचा तलाव आणि कुरणे 'निसर्गाने मुक्तहस्ते उधळली' असे म्हटले आहे. मुक्तहस्ते उधळले ते मार्लबरोच्या चौथ्या ड्यूकने, आणि तेही पैसे. लॅन्सलॉट 'केपेबिलिटी' ब्राउन हा उद्यानरचनाकार 1764 पासून सुमारे दहा वर्षे तिथे खपत होता.

ग्लाइम ही तिथली नदी म्हणजे आपल्याकडचा ओढाच. पॅलेसचा वास्तुरचनाकार व्हॅनब्रू याने तिच्यावर आधीच 31 मीटर कमानीचा पूल बांधला होता, खाली पाणी मात्र जेमतेम. ब्राउनने ब्लेडन गावाच्या बाजूला बांध घालून पाणी चढवले. पूल शोभू लागला, पण त्याच्या पोटातल्या खालच्या खोल्या बुडाल्या.

अशा बांधाची खुबी चिकणमातीत असते. ती पाणी घालून तुडवायची, थरावर थर बसवायचे आणि कायम ओली ठेवायची. आपल्या मातीच्या धरणांतला गाभाभराव, म्हणजे मधला पाणी अडवणारा मातीचा भाग, याच जातीचा. माती वाळली की तडकते. झाडाचे मूळ आत शिरून पुढे कुजले, तर त्या पोकळीतून पाणी वाट काढते. आपल्या धरणांवरच्या बाभळी काढायच्या त्या याचसाठी. दुसरे दुखणे गाळाचे. पुलाच्या वरच्या अंगाचा 'क्वीन पूल' (इथे 'पूल' म्हणजे इंग्रजीतले तळे) आधी उथळ होतो, कारण नदी तिथेच तळ्यात शिरते, पाण्याचा वेग मरतो आणि गाळ खाली बसतो. अलीकडेच तो मोठ्या खर्चाने उपसावा लागला.

ब्राउनच्या काळातल्या उद्यानांत कुंपण दिसत नाही, पण असते. त्याला 'हा-हा' म्हणतात (नाव खरेच तसे आहे). घराकडून उभी भिंत, कुरणाकडून उतरता चर. दिवाणखान्यातून गवत सलग दिसते, गुरे मात्र चरापाशी अडतात. चर मातीने भरत गेला की तीच गुरे हिरवळीवर येतात, म्हणून तो वरचेवर साफ करावा लागतो. कुरणातल्या झाडांच्या फांद्याही खालून पट्टी लावून कापल्यासारख्या दिसतात. तिथे माळ्याची कात्री चाललेली नसते. ती गुरा-हरणांच्या तोंडाची उंची.

लेखकाने जुन्या ओक वृक्षांखाली गाडी लावण्याची सोय वाखाणली आहे. तेवढे तरी नको होते. ओकची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच पसरतात. चाकांनी ती माती दबली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि काही वर्षांनी शेंडा वाळू लागतो. तोवर गाड्यांची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

— एक उद्यानरचनाकार, पुणे