गोळ्या देताना हेही सांगा

संपादक महोदय,

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन घेतो. गोळ्यांनी तो सावरला, पुन्हा होडीवर जाऊ लागला. गेल्या आषाढात एका रात्री त्याच्या लिंगाला ताठरपणा आला तो उतरेचना. मनात इच्छा नसताना, वर असह्य वेदना. लाजेपोटी तो सकाळपर्यंत गप्प राहिला. भर पावसात देवगडहून मोठे रुग्णालय गाठेपर्यंत दुपार झाली.

याला प्रायापिझम म्हणतात. अशी काही औषधे रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात आणि लिंगात आलेले रक्त परत फिरत नाही. हे क्वचितच घडते, पण ४ तास उलटले आणि उपचार लांबले तर कायमची नपुंसकता येऊ शकते. याच औषधांनी काहींचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. ते घातक नसते, पण माणूस घाबरून गोळ्या परस्पर सोडतो आणि आजार उलटतो.

आम्हाला हे कुणी सांगितलेच नव्हते. आमच्याकडे पुरुष असले दुखणे डॉक्टरांपुढेही काढत नाहीत. म्हणून चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी स्वतःहून, स्पष्ट शब्दांत सांगावे. एरवी शंका विचारायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ताठरपणा उतरत नसेल तर मात्र फोन करत बसू नका, गाडी काढा.

– एक वाचक, देवगड