छाटणी करायचीच तर थंडीत करा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पक्ष्यांना पाणी ठेवा म्हणून अर्धं पान आलंय, फोटोसकट. चांगलंच केलंत. फोटोतलं भांडं मात्र आईस्क्रीमच्या डब्याचं होतं, खोल, काठोकाठ भरलेलं, त्यात चिमणी प्यायला गेली तर बुडून मरंल बिचारी. पण मी पत्र त्यासाठी लिहीत नाहीये, मला लाईटच्या तारांवरच्या फांद्यांच्या छाटणीबद्दल लिहायचंय. पाण्याचं आधी बोलते, कारण ते बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी जुळे सोलापुरात राहते, घरी ब्लाऊज शिवते. पक्षीतज्ज्ञ वगैरे काही नाही. मशीन खिडकीला लावलीय आणि खिडकीबाहेर आमची बाग, म्हणजे बाग म्हणायची आपली, घर बांधून प्लॉटची जी कड उरली ती. एक कडुनिंब, एक शेवगा, लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, मोगऱ्याची दोन आळी आणि मोरीचं पाणी जातं तिथं अळू आणि केळ. दिवसभर मान खाली घालून हेम घालायचं आणि मान दुखली की वर बघायचं, असं वीस वर्षं चाललंय, त्यात जे दिसलं तेवढंच मला माहिती.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं हे तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याच पेपरात येतं. उजनी भरली काय आणि नाही काय, आमच्या बॅरलला काही फरक पडत नाही. अशात पक्ष्यांना पाणी ठेवा म्हणलं की शेजारच्या काकू म्हणतात आधी मला एक घागर ठेव मग चिमणीचं बघू. पण खरं सांगू का, पक्ष्यांना लागतं किती, दोन तांबे. मातीची पसरट परळ घ्यायची, पाणी दोन बोटंच, मधे एक खापराचा तुकडा टाकायचा म्हणजे चिमणीला उभं राहता येतं आणि मधमाशी पडली तर चढून बाहेर येते. झुडपाच्या बुडाशी ठेवायची नाही, तिथं मांजर दबा धरून बसतं. आणि रोज सकाळी ते पाणी मोगऱ्याला ओतायचं, परळ नारळाच्या शेंडीनं घासायची, परत भरायची. हे घासायचं कुणी छापत नाही. पाणी तसंच राहिलं की उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, मग महापालिकेच्या बाया टॉर्च घेऊन येतात आणि परळ पालथी घालून जातात, आणि त्यांचं बरोबरच आहे, डेंग्यू झाल्यावर कोण बघतंय चिमणीला.

साडेअकराला सातभाई येतात. सातच असतात असं नाही, कधी नऊ, कधी पाच. सगळे एकदम बोलतात, एकाच्या अंगावर दुसरा चढतो, दोन मिनिटांत परळीतलं सगळं पाणी बाहेर. आमच्याकडं नळ आला की गल्लीत अस्संच असतं.

कूलरचं तर विचारूच नका. मार्चच्या शेवटी ह्यांनी कूलर धुऊन नवीन गवत भरलं, दुसऱ्या दिवसापासून खार आली आणि दोन्ही हातांनी उपसून गवताचा गोळा तोंडात धरून पळायला लागली. जाळी लावली तर जाळीतून ओढायली. तोवर मागच्या स्टँडवर होल्यानं चार काड्या आडव्या-उभ्या ठेवून घरटं केलेलं, होल्याइतका आळशी गवंडी जगात नसंल, खालून बघितलं तर अंडी दिसतात. दोन अंडी, पांढरीशुभ्र. आता कूलर लावला तर स्टँड थरथरतंय, नाही लावला तर आम्ही. हे म्हणले एक महिना गच्चीवर झोपू, आणि झोपलो साहेब, खरंच. मुलगा पुण्याहून फोनवर हसतोय, त्याच्याकडं एसी आहे.

बाकी येणारे-जाणारे पुष्कळ. जास्वंदीच्या फांदीला शिंजिराच्या मादीनं थैलीसारखं घरटं लोंबकळत बांधलंय, कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवून, वर छज्जापण काढलाय आणि त्या छज्ज्यात माझ्या मशीनखालचा गुलाबी दोरा आहे, पैठणी काठाच्या ब्लाऊजचा. (तेव्हापासून मी लांब दोरे बाहेर टाकत नाही, पिल्लाच्या पायाला गुंडाळतात. कापूस टाकते.) कुरडया वाळत घातल्या की चिमण्या कडंकडंनं टोचून जातात. चारच्या सुमाराला मुंगूस येतं, मोरीच्या पाण्याशी पिऊन मागं न बघता जातं. आणि मे महिन्यात एकदा धामण निघतेच, मग गल्लीभर बोंबाबोंब, काठ्या, कुणीतरी म्हणतंय ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. सापाला दूध ओढून पिताच येत नाही आणि धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, पण हे सांगत बसायच्या आधी मी दारात आडवी उभी राहते आणि सर्पमित्राला फोन लावते. तीन वर्षांत दोन वाचल्या, एक नाही.

आता मुद्द्याचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मेसेज आला, पावसाळ्यापूर्वीच्या कामासाठी सकाळी दहा ते चार लाईट बंद. तारांवर आलेल्या फांद्या तोडायची माणसं आली, चार पोरं, कंत्राटी, डोक्याला टॉवेल, ४२ च्या उन्हात लोखंडी शिडी घेऊन. पोरांबद्दल माझी काहीएक तक्रार नाही, मीच त्यांना ताक दिलं. कडुनिंबाची तारंवर गेलेली फांदी त्यांनी उतरवली, ती उतरवायलाच पाहिजे होती, मागच्या वर्षी वादळात तिथंच ठिणग्या उडालत्या आणि दीड दिवस लाईट नव्हती. काम झालं, शिडी काढताना त्यातला एक म्हणला, "मावशी, अजून काय घ्यायचं का?"

आणि मी म्हणलं, "ती शेवग्याची वाळकी फांदी घ्या की बाबा, ठिसूळ असती, वाऱ्यानं पत्र्यावर पडंल." तारंचा आणि तिचा काही संबंध नव्हता. फुकटात होतंय म्हणून सांगितलं, दुसरं काय.

कोयत्याचे तीन घाव. फांदी खाली पडली आणि आतून चिरचिर आवाज आला.

फेब्रुवारीपासून माझ्या डोक्यावर कडुनिंबाच्या शेंड्यात एक तांबट टुक टुक टुक करत होता, दुपारभर, तांब्याच्या भांड्याला ठोके घातल्यासारखा, मिनिटाला शंभरच्या वर ठोके पडत असतील. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा, छातीवर लाल टिळा. मी मशीनचं पायडल त्याच्या ठेक्यावर मारायची. आणि हा पक्षी राहतो कुठं हे मला वीस वर्षांत सुचलं नाही! तो राहतो वाळक्या फांदीत. मऊ पडलेलं लाकूड चोचीनं कोरून फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक पाडतो, वरून पाऊस जात नाही आणि खालून बघणाऱ्याला सावलीत दिसत नाही. म्हणजे आपण ज्या फांदीला मेलेली म्हणतो ना, तेच त्याचं घर. तीन पिल्लं होती. एक आपटून गेलेलं.

ती पोरंपण गप्प झाली. त्यातल्या एकानं टॉवेल काढून पिल्लांवर धरला. शेजारच्या कॉलेजच्या मुलानं एका पक्षीमित्राला फोन लावला, त्यांनी सांगितलं पिल्लांना पाणी पाजू नका, भात भरवू नका, घरात नेऊ नका, ओंडका तोडून उघडू नका. जसाच्या तसा त्याच झाडाला, जमेल तेवढा जुन्या जागेजवळ बांधा, भोक होतं त्याच बाजूला करा आणि तुम्ही सगळे लांब व्हा. त्याच शिडीवरून त्याच पोरांनी ओंडका बांधला, वाळत घालायच्या तारेनं आणि माझ्या जुन्या ओढणीनं. त्यांचा टेम्पोवाला खाली हॉर्न मारत होता.

मी खिडकीचा पडदा ओढून फटीतून बघत बसले. एकही टाका घातला नाही त्या दुपारी. दोघं तारेवर येऊन बसायचे, जुन्या जागेपर्यंत उडायचे, तिथं फांदीच नाही, परत तारेवर. असं किती वेळा झालं मोजलं नाही. साडेपाचच्या पुढं एक जण तोंडात उंबर का काय लाल फळ धरून आला, ओंडक्याला चिकटला, बराच वेळ तसाच, आणि मग डोकं आत घातलं. हे मागं उभे होते, त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अकराव्या दिवशी भोक रिकामं. उडाली असं मी धरून चाललेय, उडताना बघितलं नाही, कारण नेमकं तेव्हा दोन गिऱ्हाईकं आलती आणि लग्नाच्या ब्लाऊजच्या बाहीवरून वाद चाललेला.

नंतर त्या कॉलेजच्या मुलानं मला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मोबाईलवर दाखवला. त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्यांना धक्का लावणं हे धरलंय. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी शिकारी, ताक देणारी. आपल्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ ला अभयारण्य झालं, आपल्याच गावचे मारुती चितमपल्ली, २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेले, त्यांनी पाखरांची बोलीतली नावं गोळा करण्यात आयुष्य घातलं, आणि आमच्या गल्लीत तांबट कुठला म्हणून विचारलं तर पोरं पोपट म्हणतात. आख्खं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण फांदी उतरवताना तिच्यावर कोण बसलंय हे बघायला शिडीवर कुणी चढत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही छाटणी एप्रिल-मेमधे का? तांबट फेब्रुवारीपासून, बुलबुल मार्चपासून, कावळे एप्रिल-मेपासून, सगळ्यांच्या घरात पिल्लं असतात तेव्हाच कोयता येतो. डिसेंबर-जानेवारीत करा, संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या आधी उरकून टाका. तेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात (शिंजिराचं सांगता येत नाही, ते वर्षात कधीपण बांधतं), ऊन नसतं, त्या पोरांच्या जिवाचेपण हाल होत नाहीत आणि लाईट सहा तास बंद ठेवली तरी कुणी उकडून मरत नाही.

त्यांच्या साहेबांना मी हे बोलले. ते म्हणले जानेवारीत कापलं तर जूनपर्यंत परत वाढतंय ताई. शेवग्याचं कबूल, शेवगा कितीही कापा, हट्टानं वाढतो. पण कडुनिंब पहिल्यांदा पानं गाळतो, मग पालवी फुटते, आणि फांदी लांबते ती खरी पावसात. आमच्याच झाडाचं सांगते, एका वर्षी आम्ही संक्रांतीच्या सुमाराला कापून घेतलेलं, जूनमधे हातभर फुटवा होता, तारेला लागला नाही. ज्या गल्लीत उघड्या तारा काढून काळी केबल टाकलीय तिथं तर हा प्रश्नच नाही. आणि समजा मेमधे कापायचीच वेळ आली तर पाच मिनिटं खाली उभं राहून बघा, कोण तोंडात काडी किंवा किडा घेऊन आत-बाहेर करतंय का. फक्त तारेवरची फांदी घ्या. आणि माझ्यासारखी कुणी मावशी म्हणली की ते पण घ्या, तर घेऊ नका.

पुढचा शटडाऊन आमच्या मागच्या गल्लीत येत्या गुरुवारी आहे. तिथं कोपऱ्यावरच्या कडुनिंबात कावळ्याचं घरटं आहे आणि कोकीळ नर-मादी सारखी त्याच्या आसपास घिरट्या घालताहेत, म्हणजे आत कुणाकुणाची अंडी असतील देव जाणे. मी सकाळी पावणेदहाला तिथं जाऊन उभी राहणार आहे, ताक घेऊनच. पत्र त्याच्या आधी छापून आलं तर कात्रण हातात धरता येईल, म्हणून जरा घाई करा ही विनंती.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर