सुन्या, सही करायच्या आधी हे वाच

सुन्या लेका,

किती महिने झाले ते मोजत बसू नको, शिव्या फोनवर दे. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. पम्याकडनं कळलं की मॅचच्या राड्यात आपल्या पोराचं डोकं फुटलं म्हणून तालमीची फुटबॉल टीम स्पर्धेतनंच काढून घ्यायचा ठराव येतोय आणि पहिली सही तुझी. म्हणून हे लांबण लावतोय, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील ह्याला बेलफास्टची हवा लागली.

इथं उत्तर आयर्लंडात, बेलफास्टच्या डोनेगल रोडवर एक मॉल आहे, आमचं सामान तिथनंच येतं. त्या जागेवर आधी ग्राउंड होतं, बेलफास्ट सेल्टिकचं, लोक त्याला पॅराडाइज म्हणायचे. १८९१ चा क्लब, १४ वेळा आयरिश लीग मारलेली. पब्लिक कॅथलिक वस्तीतलं, पण टीममध्ये प्रोटेस्टंट पोरंही खेळायची, मॅनेजर एलिशा स्कॉट, लिव्हरपूलचा जुना गोलकीपर, तोही प्रोटेस्टंट. आणि चालत जायच्या अंतरावर विंडसर पार्क, लिनफिल्डवाल्यांचं ग्राउंड, त्यांचं पब्लिक प्रोटेस्टंट. दोन पेठांत काय असतं ते तुला मी काय सांगायचं.

२७ डिसेंबर १९४८ ला विंडसर पार्कवर ह्या दोघांची मॅच. सेल्टिकच्या जिमी जोन्सची आणि लिनफिल्डच्या बॉब ब्रायसनची धडक झाली, ब्रायसनचा पाय मोडला, आणि हाफटाइमला ते चक्क स्पीकरवरनं सांगितलं! आपल्या पांड्याच्या हातात माइक गेला होता तसलाच प्रकार, फक्त इथं कुणी हसलं नाही. सेल्टिकनं पेनल्टीवर गोल केला, शेवटी शेवटी लिनफिल्डनं फेडला, १-१, शिट्टी वाजली आणि पब्लिक आत. जोन्सला कठड्यापलीकडं खेचला आणि पायावर उड्या मारल्या, मोडेपर्यंत. पोरगा २० वर्षांचा, आणि तोही प्रोटेस्टंटच. म्हणजे त्यांनी धर्म बघितला नाही, जर्सी बघितली.

पेनल्टीवरनं आठवलं, फायनलची ती मी मारायला नको होती असं तू अजून पोरांना सांगतोस म्हणे. गोलकीपर आधी हलला होता. विषय संपला.

तर सेल्टिकनं तो सिझन कसाबसा खेळून काढला आणि १९४९ ला लीग सोडली. संचालकांनी कारणसुद्धा लोकांना धड सांगितलं नाही. वर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्कॉटलंडला २-० हरवून आले, स्कॉटलंड म्हणजे त्याच वर्षीचे ब्रिटिश चॅम्पियन! असली टीम, भावा, आणि खलास. लीगमधली जागा क्रुसेडर्सनी घेतली, ग्राउंडवर कुत्र्यांच्या शर्यती चालत राहिल्या, मग तेही पाडलं.

तू म्हणशील दोन वर्षं थांबू, वातावरण निवळलं की परत उतरू. मला झोप लागत नाही ती ह्यामुळंच, कारण तुझं म्हणणं अगदीच चूक नाही. हेच सेल्टिकवाले १९२० ला दंगलीमुळं बाहेर पडले होते, १९२४ ला परत आले आणि १९२६ ते १९२९ सलग चार वेळा लीग घेऊन गेले. म्हणजे एकदा जमलं होतं. दुसऱ्यांदा पण जमेल असंच पब्लिकला वाटलं असणार, पण नंतर एखाद-दुसरी मैत्रीपूर्ण मॅच, बस. तुमच्या कमिटीत तर दोन वर्षांनी जर्सीचा रंग आठवणारा पण कोण राहील ते सांग, पम्या तर नक्की नाही, त्याला आत्ताच आठवत नाही.

आणि जोन्स? त्याचा पाय आखूड झाला तरी तो परत उतरला. ग्लेनॅव्हनकडनं खोऱ्यानं गोल मारले, १९५२ ला त्यांनी लीग जिंकली, बेलफास्टबाहेरच्या क्लबनं पहिल्यांदाच. पाय मोडला तो खेळला आणि क्लब घरी बसला.

आपल्या ज्या पोराच्या डोक्याला टाके पडले, त्याला विचारलंय का कुणी? ठरावावर सह्या सगळ्या पन्नाशीतल्या माणसांच्या, जी आता मैदानावर फक्त ओरडायला जातात, त्यात मी पण आलो. तू चिडलायस ते बरोबरच, मी तिथं असतो तर मीच खुर्ची उचलली असती, आणि तुला माहितीय माझा नेम पेनल्टीपेक्षा खुर्चीत बरा आहे.

वहिनींचं दुकान कसं चाललंय? ताईची दहावी ह्या वर्षी ना, तिला म्हणावं गणितात काकांवर जाऊ नको. आईंना नमस्कार.

मीटिंगच्या आधी त्या पोराच्या घरी जाऊन ये आणि मग मला फोन कर. तुमच्या रात्री आठला केलास तरी चालतंय, मी ऑफिसमधनं बाहेर येऊन बोलतो.

तुझा,
बाळ्या