बाबा, तुमचंच इंग्रजी घेऊन जातेय

ठाणे,
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

तीनदा फोनवर सांगायला घेतलं आणि तीनदा राहिलं. एकदा आईच्या गुडघ्याचा विषय निघाला, एकदा तुम्ही वणीहून नुकते परतला होतात, आणि तिसऱ्यांदा तोंडाशी आलेलं मीच गिळलं आणि पावसाबद्दल बोलत बसले. म्हणून पत्र लिहितेय. आई, हे तू वाचून दाखवू नकोस. बाबांना चष्मा दे आणि त्यांचं त्यांना वाचू दे.

थायलंडमधल्या चियांग मायच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं पक्कं झालं. मंगळवारी मी करारावर सही करून पाठवली. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी निघायचंय, कारण त्यांचं दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं. करार एका वर्षाचा आहे. विचारलं नाही, थेट सांगतेय, हे मला कळतंय. विचारलं असतं तर बाबा तुम्ही लगेच "जा" म्हणाला असतात आणि आई देवघरात जाऊन बसली असती. मग मला जाताच आलं नसतं. या दिवाळीला मी घरी नसेन. हे वाक्य चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलंय.

पण पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. गणपतीत आरतीनंतर सगळे पांगल्यावर बाबा तुम्ही मला म्हणालात, "माझ्या सिन्नरच्या शाळेतल्या इंग्रजीनं तुझं नुकसान केलं." मला नाकारलं गेलं त्या शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीबद्दल दादानं तुम्हाला सांगितलं हे मला तेव्हाच समजलं. मी नुसती हसले आणि ताटं उचलायला घेतली. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं. तिथंच बसून उत्तर द्यायला हवं होतं. आज देते.

त्या संस्थेनं मला का नाकारलं ते सगळं तुम्हाला माहीत नाही. व्याकरण चांगलं, बी.एड. आहे, नऊ वर्षांचा अनुभव आहे, इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तो माणूस म्हणाला, पालकांना "न्यूट्रल" उच्चार लागतात आणि तुमचा र फार ऐकू येतो. बाबा, शब्दाच्या शेवटचा र इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात गळतो, पण स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका तो स्वच्छ म्हणते. ग्लासगोच्या माणसाला र म्हटला म्हणून कुणी परत पाठवत नाही. तोच र सिन्नरहून आला की दोष ठरतो. म्हणजे अडचण कानाला नव्हती, पासपोर्टला होती.

हे मी मनाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. कोरियात संभाषणाचे शिक्षक ज्या ई-२ व्हिसावर जातात, तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांसाठी ठेवलाय. २०१० पासूनच्या भारत-कोरिया करारामुळे आपल्याला एक फट मिळाली, तीही सरकारी शाळेत सहायक शिक्षक म्हणून. दुसरीकडे जाहिरातीत सरळ लिहितात, "फक्त नेटिव्ह स्पीकर", म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच. शिक्षकांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ मध्ये या भेदभावाविरुद्ध निवेदन काढलं होतं, तरी जाहिराती येतच राहतात. यातलं काहीही तुमच्या फळ्यावरून आलेलं नाही, बाबा.

ब्रज काचरूंचं नाव मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. मूळचे श्रीनगरचे, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवायचे. १९८५ मध्ये त्यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्यात ब्रिटन, अमेरिका वगैरे. दुसऱ्यात भारत, नायजेरिया, सिंगापूर, जिथं इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि मग तिथलीच होऊन बसली. तिसऱ्यात जपान, चीन, थायलंड, जिथं ती शिकली जातेय. दुसऱ्या वर्तुळातल्या इंग्रजीला स्वतःची शिस्त आहे, ती पहिल्याची बिघडलेली नक्कल नाही, असं त्यांचं म्हणणं. ठरलेली वेळ अलीकडं आणली की आपण "प्रीपोन" म्हणतो ना, तो शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. तुम्ही मात्र मुख्याध्यापकांच्या नोटिशीतला तो शब्द लाल शाईनं खोडला होता आणि दोन दिवस आईशीसुद्धा त्यावर वाद घातला होता!

आता आपल्यात जे खरंच कमी आहे तेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी नुसती समजूत काढतेय. व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला आपण एकच व लावतो. त्यानं अर्थ बदलतो, म्हणून मी सहा महिने आरशासमोर उभी राहून तो सुधारला. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. लाज वाटली म्हणून नाही केलं, समोरच्या मुलाला शब्द कळायला हवा म्हणून केलं. पण थ्री मधला आपला थ मी तसाच ठेवलाय. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या देशांची माणसं आपसांत इंग्रजी बोलताना नेमकी कुठं अडतात ते तपासलं आणि २००० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या थ वरून कुणी फारसं अडत नाही. माणसं अडतात ती ऱ्हस्व-दीर्घावर, जोडाक्षरं गाळल्यावर, वाक्यात चुकीच्या शब्दावर जोर दिल्यावर.

ऱ्हस्व-दीर्घ, बाबा! ओट्यावर बसून तुम्ही रबरबँड ताणायचात. शिप म्हटलं की सैल, शीप म्हटलं की ताणलेला. दादाच्या नाकाला तो एकदा फाटकन लागला आणि आईनं त्या दिवशी दोघांनाही चहा दिला नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. अजूनही शीप म्हणताना माझी बोटं आपोआप ताणली जातात.

आणि आता मुख्य गोष्ट. चियांग मायच्या शाळेनं व्हिडिओवर डेमो तास घ्यायला लावला. समोर बारा मुलं, दहा-अकरा वर्षांची. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी स येतच नाही, त्यामुळे हाउसचं हाऊ होतं, राइसचं राय होतं. मी चित्रं दाखवली, पुन्हा म्हणून घेतलं, काही होईना. घामच फुटला. मग एकदम तुमचं आठवलं, "टू बुक नाही रे, बुक्स्. शेपूट तोडू नका!" आणि सगळ्या वर्गानं शेवटच्या अक्षराला बाकावर बोट आपटायचं. मी मांजराचं चित्र काढलं, शेपटीवर एस लिहिला आणि टेबलावर बोट आपटलं. दुसऱ्या मिनिटाला बाराच्या बारा पोरं बाकं बडवत होती. मागं बसलेल्या मुख्याध्यापिकासुद्धा बोट आपटत होत्या. त्यांनी नंतर विचारलं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात? मी म्हटलं, माझ्या वडिलांकडं.

ही नोकरी मला तुमच्या इंग्रजीमुळे मिळाली. हे तुम्हाला पुन्हा वाचावंसं वाटलं तर पुन्हा वाचा.

पगार २५ हजार बाथ, आपले ६५ हजारांच्या वर. याच कामाला आतल्या वर्तुळातल्या पासपोर्टवाल्याला जास्त मिळतात, तेही सांगून टाकते, नाहीतर दादाकडून कळेल. शाळेनं माझी इंग्रजीची परीक्षाही मागितली, टोइकमध्ये ९९० पैकी किमान ६००. मला ९४५ मिळाले. आधी राग आला होता, मग वाटलं, देऊन टाकावी. फिलिपिन्सचे शिक्षक तिथं मोठ्या संख्येनं आहेत आणि तेही हेच सगळं करतात. इथल्या ३२ हजारांत भाडं गेल्यावर काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बी.एड.साठी मोडलेली एफडी मला परत भरायचीय. नको म्हणू नका. पैशासाठीच जातेय असंही नाही. मला तिसऱ्या वर्तुळात उभं राहून शिकवून बघायचंय.

आई, आता तुझं. जेवणाचं मी बघून ठेवलंय. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान म्हणजे मांस-मासे काहीच नाही, अंडंसुद्धा नाही. एरवी तिथं भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, म्हणून मी घरीच करणार. भात मिळतो, उत्तरेकडे चिकट भात जास्त खातात. खोलीला ओटा आहे. गोडा मसाला, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढंच दे, चिवड्याचा डबा देऊ नकोस, बॅगेत बसत नाही. (बरं, लहान दे.) मुंबईहून बँकॉकचं विमान सव्वाचार-साडेचार तासांचं, म्हणजे पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जायला लागतो त्याच्याहून थोडासाच जास्त वेळ. तिथलं घड्याळ दीड तास पुढं आहे. मी रोज तुमच्या सातला, तुळशीपुढे दिवा लावून झाला की फोन करीन. तू "झोप आता, उशीर झाला" म्हणायचं नाहीस.

आणि आता मी सांगते ते दोघांनी निमूट ऐका. बाबा, तीन महिन्यांची साखर दर तिमाहीला तपासायची. रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, "नॉर्मल आहे" असं तोंडी चालणार नाही. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या, पण उपाशीपोटी नाही. आई, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, भाजीला रिक्षानंच जा. तीन मजले दिवसातून एकदाच चढायचे. सिलिंडरवाल्याला वर आणून द्यायचे पैसे दे, त्यात काटकसर नको. माळ्यावर कुणीही चढायचं नाही. दादा दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून येणार, वहिनीशी बोलून झालंय. ती मनापासून हो म्हणाली, तेव्हा त्या जुन्या गोष्टीवरून आता काही मनात ठेवू नका. डॉक्टरांचा, दूधवाल्याचा आणि खालच्या काकूंचा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावणार आहे. तुमच्यापैकी कुणालाही बरं नसलं आणि ते माझ्यापासून लपवलंत, तर मी खरंच रागावेन. बाकी कशावरूनही नाही, पण यावरून रागावेन.

पुढच्या शनिवारी मी नाशकात येतेय, आठ दिवस राहणार. सकाळी तुमच्याबरोबर रामकुंडावर येईन, आणि दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून काही न करता पडून राहीन. पस्तिशीची झाले तरी.

बाबा, एक मागणं आहे. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही, ज्यात मुलं अडायची ते शब्द पानापानावर लिहिलेत आणि समासात त्या मुलांची नावं आहेत, ती कपाटातून काढून ठेवा. फोटो काढून पाठवीन म्हणालात तर चालणार नाही. वहीच हवी. हातसामानात घेईन, बॅगेत टाकणार नाही.

तुमची,
मनू