टोपी मेंढीची, रस्साही मेंढीचाच

ॲबर्डीन
जानेवारी, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

फोन करायचा सोडून पत्र लिहितोय. फोनवर पहिल्याच वाक्याला तू हसायला लागला असतास आणि पुढचं काही ऐकलं नसतंस. ते वाक्य असं: मी विणकाम शिकलोय. दोन सुया, लोकर, सुलट टाका, उलट टाका, सगळं. हसून झालं की पुढं वाच. आणि शाळेच्या ग्रुपवर टाकलंस तर गाठ माझ्याशी आहे.

इथं या दिवसांत पावणेचारला सूर्य बुडतो. रिटायर झाल्यावरचा पहिला हिवाळा मी टीव्हीपुढं काढला. दुसऱ्याला हिनं मुकाट्यानं हातात सुया ठेवल्या. आता पाचसहा मफलर झालेत, दोन तर घालण्यासारखेही आहेत.

पण सांगायचंय ते लोकरीचं. उन्हाळ्यात आम्ही ऑर्कनीला गेलो होतो, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या बेटांवर. तिथलं अगदी उत्तरेचं बेट नॉर्थ रोनाल्डसे. कर्कवॉलहून, म्हणजे ऑर्कनीच्या मुख्य गावाहून, आठ माणसांचं विमान जातं, आपल्या वडापच्या जीपएवढं. बेटावर वस्ती शंभराच्याही आत, मेंढ्या मात्र हजारांनी. आणि बाळ्या, त्या मेंढ्या गवत जवळजवळ खातच नाहीत. समुद्राचं शेवाळ खातात. ओहोटी लागली की खडकांवर उतरून चरायचं, भरती आली की वर येऊन रवंथ करत बसायचं. त्यांचं घड्याळ सूर्यावर चालत नाही, समुद्रावर चालतं.

हौसेनं नाही हं. पूर्वी बेटावर शेवाळ जाळून त्याची राख विकायचा धंदा होता. तो बसला. मग मालकानं आतली जमीन पिकांना आणि गुरांना ठेवली आणि १८३२ साली बेटाभोवती दगडी भिंत घालून मेंढ्यांना बाहेर काढलं, किनाऱ्यावर. भिंत म्हणजे कोकणातल्या गडग्यासारखी, दगडावर दगड, मध्ये ना चुना ना माती. लांबी जवळजवळ २० किलोमीटर. हिवाळ्यातल्या वादळांनी दरवर्षी कुठं ना कुठं ढासळते, आणि उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं स्वखर्चानं येऊन ती रचून देतात. मीही चार दगड लावले. त्यातले दोन एका आजीबाईंनी मान हलवत काढून पुन्हा लावले.

गंमत म्हणजे आता त्या मेंढ्यांना परत कुरणात सोडायचं म्हटलं तरी अवघड. शेवाळात तांबं फार कमी, म्हणून त्यांचं शरीर मिळेल तेवढं तांबं ओढून घ्यायला शिकलंय. फार दिवस नुसत्या गवतावर ठेवलं तर त्याच तांब्यानं विषबाधा होते. फक्त वितेपर्यंत आणि कोकरं थोडी मोठी होईपर्यंत माद्यांना आत घेतात. आपण शिक्षा म्हणून कुणाला घराबाहेर काढावं आणि त्याला बाहेरचंच पचायला लागावं, तसं झालं. ही म्हणाली, “तुमचंच झालंय तसं. कोल्हापूरला गेलात की तिसऱ्या दिवशी पोट धरून बसता.” मी विषय बदलला.

दीपगृहाजवळ एक छोटी सूतगिरणी आहे. या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि आत मऊ लोकर. यंत्रानं केस वेगळे काढून मऊ लोकरीचं सूत काततात, रंगवत नाहीत. मी राखी रंगाच्या दोन लड्या घेतल्या. नाकाला लावल्यावर काय आठवलं असेल? आज्ज्याचं घोंगडं! गगनबावड्याच्या पावसात भिजलेलं, चुलीपाशी वाळत घातलेलं. घोंगड्याएवढी टोचत नाही, पण एखादा केस राहिलेला असतोच, आणि तो बरोबर मानेला सापडतो. पट्टणकोडोलीच्या जत्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, तेव्हा तुझ्या शर्टात गेली होती आणि तू दिवसभर खाजवत होतास. तेवढंच.

त्याच बेटाचं मटण शनिवारी सकाळी पार्सलनं आलं. म्हटलं, दोन दिवसांत मेंढी पुरती वसूल करायची. शनिवारी टोपीचे ९६ टाके घातले. आधी नमुना विणून टाके मोजा, असं हिनं बजावलं होतं. मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरची माणसं रस्सा करताना नमुना करत नाही. रात्री एक टाका गळला, चांगला बारा ओळी खालचा. गुळगुळीत लोकरीत असा टाका तळापर्यंत पळत जातो. ही लोकर केसाळ, शेजारच्याला धरून बसते. तो गळालेला टाका जागचा हललाच नव्हता. क्रोशाच्या सुईनं शिडी चढवत वर आणला.

आज मटण. इथल्या दुकानातलं कोकराचं मटण म्हणजे नुसती चरबी आणि लोणी. हे काळपट लाल, जून, चिवट. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दबेना. मग आईच्या पद्धतीनं पातेल्यावर पाण्याचं झाकण ठेवलं आणि मंद आचेवर तीन तास सोडून दिलं. मटणाचं अळणी पाणी प्यायलो आणि गप्पच झालो. खारट असेल असं वाटलं होतं, तसं काही नाही. पण चवीला दम आहे, थेट बोकडाच्या जवळचा.

तांबड्याला वहिनींनी दिलेली चटणी घातली. कट असा आला की ही दोनदा येऊन बघून गेली. (डब्यात आता दोनच चमचे उरलीय, वहिनींच्या कानावर घाल.) पांढऱ्याचा मात्र सत्यानाश. तीळ, खसखस, काजू, सगळं नीट वाटलं होतं. नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, हे मला माहीत नाही का? पण टोपीचा शेंडा आवळायचा होता, टाके कमी करत होतो, आणि मोजणीत एकोणचाळिसाला पोचलो तेव्हा शेगडीवर रस्सा फुटून दह्यासारखा झाला. तरी प्यायलो. भाकरी तर बोलूच नको. पीठ जुनं, उकड काढून थापली तरी कडेनं चिरली.

जेवणाआधी टोपी कोमट पाण्यात धुऊन हीटरवर वाळत घातली होती. तेवढ्यात तांबड्याची फोडणी. लोकर काय, सगळं पिऊन बसली. आता टोपीला अर्धा वास मेंढीचा आणि अर्धा कांदा-लसूण चटणीचा येतो. मला आवडलाय. ही म्हणते, घालून बसमध्ये चढू नका.

तसाही चढता येणार नाही. टोपी डोक्यात घातली की थेट नाकावर येते. नमुना न विणल्याचं फळ. उसवावी म्हणत होतो, मग तुझी आठवण आली. एनसीसीची एकही टोपी तुझ्या डोक्याला बसली नव्हती. तेव्हा एक कर. सुतळी घे, कपाळावरून कानांच्या वरून मागं फिरव आणि पट्टीवर मोजून सेंटीमीटर कळव. ५९च्या पुढं असलास तर टोपी तुझी. गरम पाण्यात धुऊ नकोस, आटेल.

तुझा,
सुभ्या