सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र: कमान नको, वाड्यांची नोंद करा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात मराठवाड्यासाठी बरंच काही जाहीर झालं. त्यावर माझा वाद नाही. पण गावाला आणखी एक स्मृतिकमान नको. माझं मागणं त्याहून पुष्कळ स्वस्त आहे आणि बहुधा म्हणूनच ते कुणाच्या यादीत येत नाही. गावोगावचे माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छताचे वाडे पडायच्या आत त्यांची मोजमापं घ्या, फोटो काढा आणि आतल्या कागदांची नोंद करून ठेवा.

घरचंच उदाहरण देतो. औसा तालुक्यात आमच्या पणजोबांनी बांधलेला वाडा आहे. दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, वर पांढऱ्या मातीचं माळवद आणि दारातून आत शिरताच दोन्ही अंगांना ढाळज, म्हणजे बसा-उठायची ओसरी. ही ढाळज आमच्यापेक्षा गावाचीच जास्त. सोयरिकी तिथं जुळायच्या, मोडायच्याही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्यांची हजेरी तिथंच लागायची. त्या वर्षी आजोबांनी पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, उघडून ज्वारी वाटली, असं गाव कौतुकानं सांगतं. आजी मात्र म्हणायची, निम्मी ज्वारी उबून काळी पडली होती, लोकांनी तीही नेली.

खरी गोष्ट 1948 ची. रझाकारीत, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जुलमाच्या काळात, गावातल्या बायका-पोरांना बैलगाड्यांतून हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे बार्शीला धाडलं होतं. मागं राहिलेले गडी रात्री वाड्यात एकत्र झोपत. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17 ला निजाम शरण आला. पुढच्या काही दिवसांत वारं फिरलं. ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशी शेजारची मुसलमान कुटुंबं त्याच वाड्यात, मागच्या बळदाच्या (धान्य साठवायच्या) खोलीत, जीव मुठीत धरून बसली. बार्शीहून परतलेली आजी त्यांना भाकरी नेऊन द्यायची. दारात उभं राहून आजोबा बाहेरच्या जमावाला काय बोलले, हे मात्र तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दरवर्षी झेंडावंदनाच्या भाषणात पहिली गोष्ट येते, दुसरी कधी येत नाही. वाड्यात मात्र दोन्ही जागा अजून दाखवता येतात.

तिथंच एका पत्र्याच्या ट्रंकेत फसली 1357 ची, म्हणजे 1947-48 ची, मोडी खतावणी आहे. कुणी किती पायल्या ज्वारी नेली, किती हाली (निजामी चलनातले) रुपये फेडले, सगळं तिच्यात आहे. सोबत उर्दू पावत्यांचं बाड, कडा वाळवीनं खाल्लेल्या. 2023 पासून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं. सरकारी दप्तरं उलथीपालथी झाली, घरोघरच्या ट्रंका तशाच राहिल्या. लोक कागद बाहेर काढायला बिचकतात, साहेब. भाऊबंदकीत कुठला कागद कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो. म्हणून कागद घेऊन जाऊच नका. मालकासमोर ओसरीवर बसून स्कॅन करा आणि मूळ कागद तिथंच त्याच्या हातात द्या. प्रत पुराभिलेख खात्याकडे राहू द्या.

वाडे जपा म्हणजे त्यांत राहा, असं मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत आणि आसपासच्या गावांत माणसं गेली ती याच दगडमातीखाली. माळवद गळू नये म्हणून पिढ्यानपिढ्या दर पावसाळ्याआधी वर माती चढवत आलो होतो, ते ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आमचा वाडा तगला, पण मागची भिंत फुगली. वडिलांनी त्याच हिवाळ्यात निम्मं माळवद उतरवून पत्रे टाकले. बरोबरच केलं.

आता उरलंसुरलं लाकूडवाले नेतात. चुलती आत स्वयंपाक करत असताना एक जण टेप लावून खांब मोजून गेला. या खांबांना शहरातल्या हॉटेलांत आणि फार्महाऊसवर चांगला भाव आहे म्हणे. विकणाऱ्याला दोष कसा द्यायचा? चार हिस्सेदार, दोन पुण्यात, दुरुस्तीला कुणाकडंच पैसा नाही. या बाबतीत मी एका सरकारी कार्यालयात विचारलं, तर उत्तर आलं की वास्तू संरक्षित नाही, सबब विषय आमचा नाही. नियमाप्रमाणे ते खरंही असेल.

पण सगळे वाडे संरक्षित करा असं कुणी म्हणतच नाहीये. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली, मिळकत पत्रिका निघाल्या. वरून माळवद दिसतं आणि पत्राही दिसतो, आतलं काही दिसत नाही. त्याच याद्या घेऊन कुणी दारात आलं आणि बांधणी कसली, जुने कागद आहेत का, 1948 आठवणारं कुणी घरात आहे का, एवढं विचारलं तरी गावाचा नकाशा तयार होईल. आराखडे काढायला वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत, आठवणी ध्वनिमुद्रित करायला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे इतिहासाचे विद्यार्थी आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्या, फुकट राबवू नका. घाई एवढ्यासाठी की 1948 साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीकडं आलंय.

सुरुवात हवी तर आमच्या वाड्यापासून करा. दोघा हिस्सेदारांची लेखी संमती माझ्याकडं तयार आहे. पुण्याचे दोघं म्हणतात, सरकारचं पत्र दाखव, मग सही करतो. तेवढं पत्र दिवाळीआधी मिळालं तर बरं होईल, कारण दिवाळीनंतर वाटणी आहे.

आपला,
औसा तालुक्यातील एक नागरिक