‘व्हिडिओ पाठवा’ म्हणताना कसा पाठवायचा तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांनी मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ वृत्तपत्रे आता आवर्जून मागवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आवाहनाखाली नुसता एक नंबर असतो. व्हिडिओ कोणत्या रूपात पाठवायचा, याबद्दल अवाक्षर नसते. त्यामुळे स्वच्छ टिपलेला व्हिडिओही वृत्तपत्राच्या हाती पडेपर्यंत पुसट झालेला असतो आणि बोल लागतो तो फोनच्या कॅमेऱ्याला.

सर्वांत जास्त नुकसान पाठवतानाच होते. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून व्हिडिओ निवडला की अ‍ॅप तो आधी दाबून लहान करते. गाडीची नंबरप्लेट, फलकावरची अक्षरे, लांबचे चेहरे यांचा पहिला बळी जातो, कारण फाइल लहान करताना बारीक तपशीलच आधी टाकले जातात. यावर उपाय सोपा आहे. जोडणीच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडावे आणि तिथून व्हिडिओची फाइल घ्यावी. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जशीच्या तशी जाते. मात्र मूळ फाइलबरोबर चित्रीकरणाची वेळ आणि, कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल तर, ठिकाणही जाते. बातमीची खातरजमा करायला ते उपयोगी पडते. पण स्वतःच्या घरातून चित्रीकरण करणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवे. आवाहनात तशी स्पष्ट सूचना देणे ही वृत्तपत्राची जबाबदारी आहे, असे मला वाटते.

फोर-केचा, म्हणजे १०८०पीच्या (फुल एचडीच्या) चौपट ठिपक्यांच्या चित्राचा, सोस बातमीसाठी नको. आयफोनवर एचईव्हीसी या फाइल लहान ठेवणाऱ्या पद्धतीत १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेमचे (सुट्या चित्रांचे) एक मिनिट साधारण ६० एमबी होते. फोर-केमध्ये तेवढेच मिनिट १७० एमबी घेते.

दुसरी दुखरी जागा आवाजाची. थोडे हललेले चित्र लोक चालवून घेतात, पण बोललेले कळले नाही की पुढे सरकतात. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, भोवतीचा गलका मात्र तेवढाच राहतो. म्हणून झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. कॉलर माइक लावायचा तर त्याची पिन पाहून घ्यावी: ३.५ मिमीच्या पिनेवर तीन काळी कडी असतील तर ती फोनसाठी, दोन असतील तर कॅमेऱ्यासाठी. दोन कड्यांची पिन थेट खोचली तर फोन बहुधा स्वतःच्याच माइकवर आवाज घेत राहतो आणि हे कळते ते घरी आल्यावर.

माइक नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर सुरू करून बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावा आणि कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. संकलन करताना आवाजाच्या पट्टीवर त्या टाळीचा उंच सुळका दिसतो. तळवे जिथे भिडतात त्या फ्रेमशी तो जुळवायचा. सुरुवातीला जुळलेला आवाज दहाव्या मिनिटाला ओठांच्या पुढे-मागे जाऊ लागला, तर बहुतेक वेळा कारण एकच असते: फोन सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेत नाही, उजेडानुसार आणि प्रोसेसरवरच्या ताणानुसार त्या कमी-जास्त होतात. अशी फाइल संकलनाआधी संगणकावर ‘हँडब्रेक’ या व्हिडिओचे रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेमरेटची, म्हणजे दर सेकंदाला सारख्याच फ्रेमची, करून घ्यावी.

विजेच्या दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येते) शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, त्याच्याशी हे आकडे जमतात. पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी पक्के होतात. फोन आधी आडवा करावा, मगच लाल बटण दाबावे. सुरू झाल्यावर फिरवला तर दिशा बदलत नाही. फोन आला तर चित्रीकरण मध्येच तुटू शकते, तेव्हा फ्लाइट मोड सुरू असलेला बरा.

वृत्तपत्राला पाठवताना काटछाट, संगीत, फिल्टर काहीही नको. प्रत्येक वेळी बदललेला व्हिडिओ नव्याने एक्स्पोर्ट केला (नवी फाइल बनवली) की दर्जा थोडा उतरतोच. शिवाय कापलेल्या व्हिडिओत आधी-नंतर काय घडले, हे तपासता येत नाही. आपण आवाहनात नंबरसोबत मोठ्या फाइलसाठी अपलोडची एक लिंक द्यावी आणि वाचकाने मूळ फाइल किती दिवस फोनमध्ये जपून ठेवायची तेही कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक व्हिडिओ संकलक